उजनीच्या पाण्याखालचं गाव

आपल्या पिंपळीहून भिगवणकडं गेलं की समुद्राच्या खाडीसारखं पसरलेलं पाणी दिसतं. हा उजनी धरणाचा फुगवटा. धरणाचं काम 1966 साली सुरू झालं, 1980 साली पूर्ण झालं. पाणी चढलं तशी भीमाकाठची गावं उठली. जुनं पळसदेव बुडालं. तिथलं हेमाडपंती मंदिर पाणी ओसरलं की आजही उघडं पडतं.

काठाचं पाणी उथळ, चिखलात किडे नि शेवाळ भरपूर. म्हणून हिवाळ्यात इथं पक्षी उतरतात. उंच पायांचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतात. चिमणीएवढा छोटा टिलवा तर सैबेरियाच्या उत्तरेकडच्या गारठलेल्या मुलखातून येतो. त्यांना बघायला पाहुणे येतात, त्यातून होडीवाल्यांना चार पैसे मिळतात.

पक्ष्यांची नावं आता शाळेतली पोरंही सांगतात. पण बुडालेला घाट, मळा, वाडा कुठं होता, हे त्या गावांतून उठून आलेल्या आज्यांनाच ठाऊक. गटाच्या पुढच्या बैठकीला त्यांना बोलावू, विचारू आणि वहीत लिहून ठेवू.