खण उलटा करून पाहा

जुन्या अमेरिकन 'चेस्ट ऑफ ड्रॉवर्स'चा, म्हणजे त्या ठेंगण्या खणांच्या लाकडी कपाटाचा, फोटो समोर आला की आपण आधी दर्शनी बाजू बघतो. महॉगनीची चकाकी, पितळी कड्या, न्यूपोर्टच्या सुतारांनी कोरलेले शिंपले. मीही तेच केलं. एम.एस्सी. करून इतिहासाकडे आलेल्या मुलीने तरी करायला नको होतं! दर्शनी बाजूची नक्कल शंभर वर्षांनीही होते. १८७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शताब्दी झाली, त्यानंतर अठराव्या शतकातल्या शैलीची तिकडे लाटच आली होती.

म्हणून खण बाहेर काढा आणि उलटा करा.

कोपऱ्यात बाजूची फळी पुढच्या फळीत दातांनी अडकलेली दिसेल. हा डव्हटेल सांधा. करवत आणि पटाशीने कापलेले दात थोडे कमीजास्त असतात, आखणीची रेघही तशीच राहिलेली असते. खण बंद झाल्यावर ती बघणार कोण? पण 'हाताने कापलं म्हणजे जुनं' असं लगेच लिहू नका. यंत्रं आल्यावरही कित्येक सुतार हातानेच कापत होते. उलट यंत्राचा सांधा जास्त नेमकं बोलतो. विस्कॉन्सिनच्या चार्ल्स नॅप यांनी १८६७ मध्ये अर्धगोल खाच आणि मध्ये गोल खुंटी अशा सांध्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. १९०० च्या सुमारास तो सांधा मागे पडला. तो दिसला की काळ तीसेक वर्षांत बांधला जातो.

करवतीच्या खुणाही वाचा. सरळ समांतर रेघा म्हणजे वरखाली चालणारी करवत. कमानीसारख्या रेघा म्हणजे गोल करवत. फर्निचरमध्ये ती साधारण १८३० नंतरची.

आतलं लाकूड काळापेक्षा गाव जास्त सांगतं. महॉगनी वेस्ट इंडीजहून जहाजाने यायची (ती तोडायला गुलाम माणसं जुंपलेली असत, हेही नोंदवा). न दिसणाऱ्या जागी मात्र जवळचं स्वस्त लाकूड: बोस्टनकडे पांढरा पाइन, फिलाडेल्फियाकडे ट्युलिप पॉपलर, न्यूपोर्टला बऱ्याचदा चेस्टनट. पडताळ्यासाठी नावाची चिठ्ठी असलेले नमुने लागतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जॉन टाउनसेंडचं १७६५ चं कपाट आहे. प्रयोगशाळेत आपण स्टँडर्ड सॅम्पल ठेवतो ना, तेच काम ते करतं.

आता माझी चूक. एका कपाटाच्या खणांचे दात बघून मी बिनधास्त 'सुमारे १७७०' लिहिलं. गाइडनी एवढंच विचारलं, "तळ कधीचा?" तळावर कमानीच्या रेघा होत्या! मग काय, सगळं कपाटच नंतरचं?

उत्तर खिळ्यांच्या भोकांत होतं. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने आकसतं, म्हणून तळाची फळी चिकटवत नसत. खाचेत सरकवून फक्त मागच्या कडेला खिळे मारत. इथे मागच्या फळीत रिकामी भोकं होती आणि तळात त्यांच्या समोर काहीच नव्हतं. म्हणजे आधीचा तळ गेला आणि हा नंतर बसवला.

तक्त्यात त्या कपाटाची एक ओळ होती, आता तीन आहेत: खणाच्या बाजू, तळ, कड्या. तारखा वेगवेगळ्या, आणि तळापुढे फक्त '१८३० नंतर'. कड्यांचा रकाना अजून रिकामाच आहे.