एकाकी स्त्री, दक्षिण कोकणच्या कथासाहित्यातील

एकाकी स्त्री (दक्षिण कोकणच्या कथासाहित्यातील) : गावाच्या व्यवहारात जिची गरज असते, पण गावाच्या पंगतीत जिला पान नसते, अशा स्त्रीचे मराठी कादंबरी-नाटकातील चित्रण. देवळाची भावीण, केशवपन झालेली विधवा, गोऱ्या बापाची मुलगी, नवरा जिवंत असून संसाराला मुकलेली बायको ही तिची ठळक रूपे. या स्त्रीभोवती माणसे नसतात असे नाही; उलट तिच्यावर सगळ्या गावाचा डोळा असतो. तिचे स्वप्नही फारसे मोठे नसते. आपल्या नावाची चूल असावी आणि चारचौघांत कोणाची तरी बायको म्हणून वावरता यावे, इतकेच तिला हवे असते, आणि गाव तिला नेमके तेवढेच देत नाही.

या कथांचा मुलूख देवबागपासून पाहता येतो. देवबाग हे मालवणच्या दक्षिणेस, कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले गाव. खाडी ओलांडली की भोगवे, परुळे आणि पुढे वेंगुर्ले तालुक्याचा किनारा. जयवंत दळवी (1925–1994) यांचे आरवली आणि चिं. त्र्यं. खानोलकर (1930–1976) यांच्या कादंबरीला नाव देणारा कोंडुरा याच तालुक्यात आहेत. या मुलखाच्या गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या परंपरागत व्यवस्थेत, मानकरी, गुरव, देवळी, भावीण अशा प्रत्येकाचे काम आणि मान ठरलेले असत. भाविणीकडे देवळाची झाडलोट, दिवाबत्ती, उत्सवातली सेवा असे. मान होता तो गाभाऱ्याच्या बाहेर आणि घराच्या उंबऱ्याच्याही बाहेर. या दोहोंच्या मधल्या जागेत तिचे आयुष्य सरे.

मराठी कादंबरीचा आरंभच अशा स्त्रीपासून होतो. बाबा पदमनजी यांचे यमुनापर्यटन (1857) विधवांच्या हालांवर आहे. त्याच्या आदल्याच वर्षी विधवाविवाहाचा कायदा झाला होता. कायदा झाला म्हणून गाव बदलत नाही, याचा दाखला कोकणातच मिळतो. मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. हरि नारायण आपटे यांच्या पण लक्षात कोण घेतो? मधील विधवा यमू त्याच दशकातली.

दळवींची महानंदा (1970) ही या विषयावरची सर्वांत लोकप्रिय कृती. गोमंतकाच्या देवस्थानी परिसरात घडणाऱ्या या कादंबरीत भाविणीच्या घरात जन्मलेली महानंदा आणि बाहेरून आलेला, शिकलेला बाबुल यांचे प्रेम आहे. वरवर पाहता आड येते ती जात आणि प्रतिष्ठा. खरी अडचण त्याहून खोल आहे. महानंदेचे लग्न कोणाशी व्हायचे हे तिच्या जन्माआधीच ठरून गेलेले असते, ते देवाशी. गोव्यात या विधीला शेंस म्हणतात. देवाला वाहिलेली मुलगी माणसाला मागता येत नाही, आणि देवही तिचा संसार करत नाही. आई कल्याणी हे सारे भोगून बसलेली. मुलीच्या स्वप्नाची तिला भीती वाटते आणि मोहही पडतो, म्हणून कादंबरीतला सगळ्यात गुंतागुंतीचा जीव कल्याणीच आहे. महानंदा मात्र काहीशी अतिसुंदर आणि अतिसोशिक उतरली आहे. तिच्याकडे पाहणारी नजर बहुतेक वेळा बाबुलची आहे, हे त्याचे कारण.

कादंबरीमागची सामाजिक पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. देवदासी म्हणून मुली वाहण्यास बंदी करणारा मुंबई इलाख्याचा कायदा 1934 चा. मालवण आणि वेंगुर्ले ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यात असल्याने तो तिथे लागू झाला, पण शेजारी सावंतवाडी संस्थान होते आणि तेरेखोलच्या पलीकडे पोर्तुगीज गोवा. पायी ओलांडता येतील अशा अंतरात तीन सत्ता आणि तीन कायदे होते. शिवाय देवदासींच्या समाजातली माणसे कायद्याची वाट पाहत बसली नव्हती. गोमंतक मराठा समाजाच्या चळवळीने शिक्षण आणि विवाह यांच्या जोरावर ही प्रथा आतून मोडत आणली, आणि तिचे एक धुरीण राजाराम पैंगीणकर यांनी मी कोण? हे आत्मचरित्र लिहिले. ते महानंदेशेजारी ठेवून वाचावे. कादंबरी जिथे हळहळते, तिथे आत्मचरित्र जाब विचारते.

दळवींच्याच बॅरिस्टर या नाटकात (1977; मूळ कादंबरी अंधाराच्या पारंब्या) हे एकाकीपण देवळातून वाड्यात येते. विलायतेहून परतलेले बॅरिस्टर बोलतात पुढच्या शतकाचे. त्यांच्या वाड्यात केशवपन झालेली मावशी आहे आणि वैधव्याच्या तोंडाशी येऊन उभी राहणारी तरुण राधा आहे. मावशीला नाटकभर दुसरे नाव नाही. ती नात्यानेच ओळखली जाते. आपल्या वाट्याला जे आले ते राधेच्या वाट्याला येऊ नये म्हणून ही आलवणातली बाई उभी राहते, आणि सुधारणेची भाषा बोलणारा पुरुष ऐन वेळी पाऊल उचलू शकत नाही. दळवींच्या साऱ्या लेखनात एका वंचित बाईने दुसरीसाठी इतक्या निकराने हात पुढे केल्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही. स्वतःचे स्वप्न गेल्यावर मावशी ते दुसरीच्या नावावर करू पाहते. महानंदेपेक्षा हे नाटक सरस ठरते ते या एका व्यक्तिरेखेमुळे.

खानोलकरांच्या जगात गावाची जागा नियती घेते. कोंडुरा (1966) मध्ये परशुरामाला वर मिळतो तो ब्रह्मचर्याच्या अटीवर. अट पाळायची त्याने, आणि संसार जातो तो त्याच्या बायकोचा. नवरा डोळ्यांसमोर असून तिला नवरा नाही. वर देणाऱ्याने तिला विचारलेलेही नाही. चानी (1970) मधील मुलगी गोऱ्या बापाची, सोनेरी केसांची. गावातल्या पुरुषांना ती हवी असते आणि गावाला नको असते. तिच्याशी निर्मळपणे वागतो तो एक लहान मुलगा. ही योजना फार विचारपूर्वक केलेली दिसते, कारण मोठ्यांच्या गावात चानीशी बोलायला दुसरे कोणी उरतच नाही.

अपवाद उत्तरेकडे, दापोलीच्या बाजूला सापडतो. श्री. ना. पेंडसे यांच्या गारंबीचा बापू (1952) मधील राधेलाही गावाने नावे ठेवलेली आहेत, पण बापू तिच्याबरोबर उघडपणे राहतो आणि गावाला ते गिळावे लागते. स्त्रीचे स्वप्न टिकते की मोडते हे पुरुषाच्या पाठकण्यावर ठरावे, ही या सगळ्याच कादंबऱ्यांची मर्यादा आहे आणि बहुधा त्या काळाचे खरे वर्णनही.

जगाच्या साहित्यात जवळचे उदाहरण जॉन स्टाइनबेक यांच्या ऑफ माइस अँड मेन (1937) मधील कर्ली नावाच्या पात्राच्या बायकोचे. तिलाही नाव नाही. मजुरांच्या वस्तीत ती एकटीच बाई आहे. सिनेमात जायचे तिचे स्वप्न होते आणि ते ती परक्या माणसाला सांगते, कारण ऐकून घेणारे दुसरे कोणी नाही. फरक एवढाच की तिला दूर कुठेतरी निघून जायचे आहे, तर कोकणातल्या नायिकांना त्याच गावात मानाने राहायचे आहे.

या परंपरेत एक मोठी पोकळी राहिली. महानंदा, कोंडुरा आणि बॅरिस्टर या तिन्हींच्या केंद्रस्थानी देवबागसारख्या मासेमारी वस्तीतली स्त्री नाही. रापणीवरून आलेले मासे पाटीत घालून बाजाराला नेणारी गाबीत बाई घराबाहेर पडते, भाव ठरवते, भांडते. शोकांतिकेच्या साच्यात ती सहज बसली नसावी. चाकरमान्याच्या बायकोचेही तसेच. नवरा गिरणगावात, मनीऑर्डर महिन्याची, आणि भेट शिमग्याला किंवा चतुर्थीला असे. या घरोघरच्या एकाकीपणाला रूढीचा आणि देवाचा आधार नव्हता, म्हणून कादंबरीकाराचे लक्ष तिथे कमी गेले. आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी : याच मुलखातल्या दशावतारात स्त्रियांच्या भूमिका परंपरेने पुरुषच करतात, आणि जत्रेच्या रात्री स्त्रीपार्टी नटाच्या रडण्यावर खऱ्या बाया पदराने डोळे टिपतात. वर आलेल्या कृतींचे लेखकही पुरुषच आहेत.

रंगभूमी आणि चित्रपट यांनी या व्यक्तिरेखा दूरवर नेल्या. महानंदेवरून शं. ना. नवरे यांनी गुंतता हृदय हे हे नाटक लिहिले; पुढे महानंदा हा मराठी चित्रपटही आला. व्ही. शांताराम यांच्या चानी (1977) मध्ये रंजना यांनी नायिकेचे काम केले. श्याम बेनेगल यांनी कोंडुरा (1978) हिंदी आणि तेलुगूत केला. त्यात स्मिता पाटील होत्या. बॅरिस्टरचे दिग्दर्शन विजया मेहता यांनी केले आणि त्यावरून रावसाहेब हा हिंदी चित्रपटही काढला. चित्रपटात मावशी त्यांनी स्वतः साकारली आणि त्या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.