पाणबुडी, चुना आणि च्युइंगगम

सिगरेट सोडायला निघालेल्या माणसाला आयुष्यात कधी न ओढलेली माणसं एक वाक्य हमखास ऐकवतात. "मनात आणलं की होतं रे सगळं. इच्छाशक्ती पाहिजे फक्त!" मीही ऐकलं. आईकडून, टीम लीडकडून, एकदा तर रिक्षावाल्याकडून (तो स्वतः त्या वेळी सिग्नलला तंबाखू मळत होता, पण ते असो). मी दोनदा सोडली आणि दोनदा परत धरली. दुसऱ्या खेपेला अकरा दिवस निभावलं होतं. मग एका रिलीजच्या रात्री दीड वाजता बिल्ड फुटला आणि मी टपरीवर. त्या सिगरेटची चवसुद्धा आठवत नाही. आठवते ती लाज. आपल्यातच काहीतरी मुळात कमी आहे, ही ती लाज.

पुढे या विषयावर वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की या लाजेलाही एक इतिहास आहे. आणि त्यात एक पाणबुडी आहे!

सुरुवात मात्र पाणबुडीच्या बरीच आधी करावी लागेल. लेनक्स जॉन्स्टन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर होता. त्याने सिगरेट सोडली होती, आणि माणूस ओढतो तो नक्की कशासाठी, या प्रश्नाने त्याला पछाडलं होतं. धुराची चव? हाताला चाळा? चारचौघांत मिरवणं? त्याने सरळ निकोटिनची इंजेक्शनं स्वतःला टोचून घ्यायला सुरुवात केली, आणि इतर स्वयंसेवकांनाही दिली. सगळे मिळून ३५ जण. धूर नाही, काडी नाही, टपरी नाही, गप्पा नाहीत. फक्त सुई. तर ओढणाऱ्यांना ते इंजेक्शन चक्क आवडलं, आणि त्यानंतर थोडा वेळ सिगरेटची आठवणही येईना. सुमारे ८० इंजेक्शनांनंतर जॉन्स्टनला स्वतःला सिगरेटपेक्षा इंजेक्शनच बरं वाटायला लागलं, आणि ते बंद केल्यावर चुकल्याचुकल्यासारखं झालं. १९४२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याने हे सगळं छापलं. म्हणजे उत्तर मिळालं होतं. तलफ धुराची नसते, एका रेणूची असते.

पण १९४२ साली जगाला दुसरे उद्योग होते. सैनिकांना शिध्याबरोबर सिगरेटी वाटल्या जात होत्या. अशा वेळी त्याचं कोण ऐकणार?

आता थेट ११ जानेवारी १९६४. अमेरिकेचे सर्जन जनरल लूथर टेरी यांनी धूम्रपानावरचा तो प्रसिद्ध अहवाल जाहीर केला. दिवस मुद्दाम शनिवारचा निवडला होता, शेअर बाजार बंद असावा म्हणून. सिगरेटमुळे पुरुषांना फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हे त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्या अहवालाचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालंच. पण त्याच अहवालात आणखी एक निष्कर्ष होता, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. तंबाखूचं हे व्यसन नव्हे, ही 'सवय' आहे, असा. समितीने जागतिक आरोग्य संघटनेची १९५७ सालची व्याख्या वापरली होती. त्या व्याख्येत व्यसन म्हणजे मात्रा वाढत जाणारं, माणसाला अनावर ओढ लावणारं, त्याच्याबरोबर समाजाचंही नुकसान करणारं असं काहीतरी. थोडक्यात, अफू-हेरॉइनवाला माणूस. टाय लावून ऑफिसला जाणारा, संध्याकाळी वेळेवर घरी येणारा सिगरेटवाला त्या साच्यात बसेना. मग ती झाली सवय.

गंमत बघा, त्याच १९६४ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे दोन्ही शब्द बाजूला ठेवले आणि 'अवलंबित्व' हा एकच शब्द घेतला. पण अहवाल छापून झाला होता. आमच्या धंद्यात स्पेसिफिकेशन बदलायच्या आत जुन्यावर कोड शिप होतो ना, तसंच. :-)

आणि सवय म्हटलं की ती मोडायला इच्छाशक्तीच लागणार. नखं खाण्यासारखं. टपरीवर मला जी लाज वाटली, तिच्यामागे हा एक शब्द उभा आहे.

खुद्द सिगरेट कंपन्यांना मात्र तेव्हाही काही शंका नव्हती. जुलै १९६३ मध्ये, म्हणजे टेरी अहवालाच्या सहा महिने आधी, ब्राउन अँड विल्यमसन या कंपनीच्या वकिलाने अंतर्गत टिपणात लिहून ठेवलं होतं की निकोटिनचं व्यसन लागतं आणि आपला धंदा निकोटिन विकण्याचा आहे. हे कागद बाहेर आले १९९४ साली. त्याच वर्षी १४ एप्रिलला सात कंपन्यांचे प्रमुख अमेरिकन संसदेच्या उपसमितीपुढे एका रांगेत बसले, शपथ घेतली, आणि निकोटिनचं व्यसन लागतं असं आपल्याला वाटत नाही, असं एकेकाने सांगितलं. मध्ये ३१ वर्षं गेली होती.

हां, तर पाणबुडी.

डिसेंबर १९६७. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात क्लास लुंडग्रेन नावाचा शरीरशास्त्रज्ञ वैमानिक आणि पाणबुड्यांवरच्या लोकांच्या शरीरावर काय परिणाम होतात याचा अभ्यास करत असे. त्याने हेल्सिंगबोर्गच्या 'लिओ' या औषध कंपनीतल्या संशोधनप्रमुखाला, ऊवे फेर्नोला, एक पत्र लिहिलं. त्याच्याबरोबर स्टेफान लिख्टनेकर्ट नावाचा सहकारीही होता. निरीक्षण साधं होतं. पाणबुडीत सिगरेट ओढता येत नाही. मग ओढणारे खलाशी काय करतात? तोंडात तंबाखू धरतात. आणि त्यांचं भागतं. मग याच तत्त्वावर नुसतं निकोटिन तोंडावाटे देता येणार नाही का?

फेर्नो स्वतः सिगरेट ओढणारा होता, त्यामुळे त्याला हे पत्र नीट कळलं असावं. :-)

एरोसोल वगैरे प्रयोग करून गाडी शेवटी च्युइंगगमवर आली. पण गममध्ये निकोटिन नुसतं मिसळलं तर चार चावे मारले की सगळं एकदम बाहेर येतं, घसा जळतो आणि उचकी लागते. म्हणून त्यांनी ते एका रेझिनला बांधलं, जेणेकरून चावाल तसं थोडं थोडं सुटेल. दुसरी अडचण जास्त मजेशीर आहे. निकोटिन सौम्य अल्कली आहे. लाळ आंबट असली की त्याच्यावर विद्युतभार चढतो आणि ते गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात शिरत नाही, नुसतं गिळलं जातं. म्हणून फेर्नोच्या मंडळींनी गममध्ये सोडियम कार्बोनेटसारखे क्षार घातले, तोंडातला आंबटपणा मारायला.

हे वाचताना मी खुर्चीतच ताठ बसलो. कारण हे मी लहानपणापासून बघत आलोय. तळहातावर तंबाखू, नखाने काढलेला चुना, अंगठ्याने मळणं, थाप मारून भुकटी उडवणं आणि चिमूट ओठाखाली. चुना कशासाठी? तर याचसाठी! चुन्यामुळे निकोटिन मोकळं होतं आणि गालातून रक्तात जातं. स्वीडनच्या खलाशांच्या 'स्नूस'मध्येही क्षार असतोच. सिगरेटचा धूर आम्लधर्मी, म्हणून तो छातीत ओढावा लागतो. सिगारचा अल्कधर्मी, म्हणून तो तोंडात खेळवला तरी काम होतं. लॅबमध्ये जे सूत्र बसवायला काही वर्षं लागली, ते आपल्याकडे चंची बाळगणाऱ्या प्रत्येक माणसाच्या अंगठ्यात होतं. (कॅन्सरही त्यांच्याच वाट्याला आला, हे विसरून चालणार नाही. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी सुमारे ४ टक्के धूम्रपान करणारे निघाले आणि तंबाखू तोंडात धरणारे किंवा चघळणारे सुमारे २४ टक्के. गममध्ये निकोटिन असतं, तंबाखू नसतो. कॅन्सर करणारी मुख्य रसायनं तंबाखूत आणि धुरात असतात. सगळा फरक तिथे आहे.)

पत्रानंतर अकरा वर्षांनी, १९७८ साली, स्वित्झर्लंडने या गमला औषध म्हणून मान्यता दिली. अमेरिकेने १९८४ साली, तीही आधी डॉक्टरच्या चिठ्ठीवर. दरम्यान लंडनमध्ये मायकेल रसेल आणि त्याचे सहकारी हेच सांगत होते, की माणसं ओढतात निकोटिनसाठी पण मरतात डांबरामुळे. त्यांच्या गटाने १९८२ साली ११६ जणांवर चाचणी केली. वर्षभर टिकून राहिलेले गमवाल्यांत ४७ टक्के आणि दिखाऊ गमवाल्यांत २१ टक्के. हे दवाखान्यात नियमित येणारे, आधार मिळणारे लोक होते. एरवी आकडे बरेच कमी असतात, पण नंतरच्या शंभरावर चाचण्यांचा गोषवारा सांगतो की अशा उपायांनी यशाची शक्यता साधारण दीडपट होते. दीडपट! माझ्या बाजूने इच्छाशक्ती तेवढीच, फक्त रसायन बदललं.

१९८८ साली सर्जन जनरल कूप यांच्या अहवालाने १९६४ चा शब्द अखेर खोडला. निकोटिन हे हेरॉइन-कोकेनसारखंच व्यसन लावतं, असं अधिकृतपणे म्हटलं गेलं.

मग गम घेतली की झालं का? नाही झालं. सिगरेटच्या झुरक्यातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. गमला रक्तातली पातळी गाठायला अर्धा तास लागतो. हिशेब करून बघा. दिवसाला दहा सिगरेटी, प्रत्येकीचे दहा झुरके, म्हणजे वर्षाला छत्तीस हजार पाचशे वेळा 'बटण दाबलं, बक्षीस मिळालं'. इतका घट्ट फीडबॅक लूप मी आजवर कुठल्याच सिस्टीममध्ये पाहिलेला नाही. आणि त्याला चहाचा ग्लास, मित्राचा मिस्ड कॉल, फुटलेला बिल्ड असे शंभर ट्रिगर जोडलेले. गम खालची आग मंद करते, ट्रिगर काढत नाही. निकोटिन दोनेक तासांत निम्मं उतरतं, म्हणून सकाळची पहिली सिगरेट सगळ्यात प्यारी. कार्ल फागरस्ट्रॉम या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७८ साली अवलंबित्व मोजायला प्रश्नावली केली, त्यातला अजूनही सगळ्यात उपयोगी प्रश्न म्हणजे, उठल्यावर किती वेळात पेटवता? (माझं उत्तर होतं दहा मिनिटं. ब्रशच्या आधी.)

तिसऱ्या प्रयत्नात मी गम आणली, आणि पहिले दोन आठवडे ती काही काम करेना. मशीनची कॉफी पीत पीत मी ती साध्या च्युइंगगमसारखी कचाकचा चावत होतो. कॉफी आंबट! म्हणजे फेर्नोने घातलेला सगळा क्षार मी स्वहस्ते मारत होतो. नियम असा आहे की खाल्ल्या-प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं, मग हळू चावायचं, जिभेला मिरमिर लागली की थांबून गालात धरून ठेवायचं, मिरमिर गेली की परत चावायचं. पाकिटातल्या चिठ्ठीवर हे सगळं छापलेलं असतं. मॅन्युअल न वाचणारा इंजिनिअर, दुसरं काय! उरलेल्या अचानक तलफेसाठी मी घड्याळ लावलं. एक लाट चार-पाच मिनिटांच्या वर क्वचितच टिकते. तेवढ्या वेळात चौथ्या मजल्यापर्यंत जिने चढून उतरलो. पहिल्या आठवड्यात दिवसाला बारा-पंधरा वेळा, महिन्याने दोनदा. टपरीवर तीन महिने गेलोच नाही.

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. काकांच्या गालात आतून पांढरा चट्टा आलाय आणि डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितलीय. चाळीस वर्षांची तंबाखू. घरातले सगळे काकांना इच्छाशक्तीवर भाषण देत होते आणि ते अपराधी चेहरा करून खाली बघत होते. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि मग काकांना गमचं पाकीट दिलं. मी नियम समजावून सांगायला तोंड उघडणार, तोवर त्यांनी दोनदा चावून ती बरोब्बर खालच्या ओठाच्या कोपऱ्यात सरकवली आणि डोळे मिटून बसले. मिनिटभराने म्हणाले,

"बरं हाय रे. पर चुना कमी घातलाय बघ."