सावकाश येणारा रोग

शेळी विकत घेताना आपण दात, कास, चाल पाहतो. पण रोग वर्षानुवर्षे दडून राहिला तर? १९३३ साली जर्मनीहून आइसलंडला २० काराकुल मेंढ्या आणल्या. दिसायला धडधाकट! काही वर्षांतच तिथल्या कळपांत मेंढ्यांना धाप लागू लागली, काहींचे पाय लुळे पडले. त्यावरून बियोर्न सिगुर्डसन यांनी १९५४ मध्ये ‘मंद संसर्ग’ ही कल्पना मांडली. त्याच कुळातला शेळ्यांचा विषाणू १९८० साली अमेरिकेत वेगळा केला गेला. एड्सचा विषाणूही याच कुळातला. शेळ्यांतला हा विषाणू करडांच्या मज्जासंस्थेवर आणि फुफ्फुसांवर घाला घालतो. मुख्यतः आईच्या चिकातून, दुधातून पोचतो. त्यावर ना लस, ना औषध. म्हणूनच बीडमधल्या उस्मानाबादी कळपात परकी शेळी सोडण्याआधी तिचे रक्त तपासावे. नुसत्या नजरेवर विसंबू नये.