डीपीखालचे तीन खड्डे

वायरमनच्या वर्गात मी मुलांना पहिलं गणित हेच घालायचो. डीपीवर १०० केव्हीएचं रोहित्र आहे. ४३३ व्होल्टच्या बाजूला पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे १३३ अँपिअर, आणि फ्यूज त्याच हिशेबाने बांधलेला. आता तुटलेली फेज रानात पडली. जमिनीतून परतायच्या वाटेचा रोध १० ओहम. प्रवाह किती? २३० भागिले १०, म्हणजे २३. वैशाखात काळी माती भेगाळून तोच रोध ४० झाला, तर पावणेसहा! फ्यूज वितळायचं कारणच नाही. तार तशीच जिवंत. उपकेंद्रातला अर्थ फॉल्ट रिलेही गप्प, कारण रोहित्राचं ११ केव्हीचं वाइंडिंग डेल्टा जोडणीचं. खालच्या बाजूचा जमिनीत गेलेला दोष त्याला दिसतच नाही.

फ्यूज रोहित्राला सांभाळतो. माणसाची सोय वेगळी करावी लागते, आणि ती आपल्या नियमांत टप्प्याटप्प्याने आली.

१९५६ च्या भारतीय वीज नियमांतल्या नियम ६१ ने न्यूट्रलला किमान दोन स्वतंत्र अर्थिंग सक्तीची केली. १९६६ मध्ये अर्थिंगची संहिता, आयएस ३०४३, निघाली. अडीच मीटरचा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ ही पद्धत गावोगाव रुळली. डीपीखाली तीन खड्डे आले: एक लाइटनिंग अरेस्टरचा, आणि उरलेल्या दोन्हींत न्यूट्रलची एकेक जोडणी, शिवाय टाकी आणि एबी स्विचच्या लोखंडाची वेगळी.

पुढे नियम ६१-अ जोडला गेला. गेलेला आणि परतलेला प्रवाह जुळला नाही की पुरवठा तोडणारं साधन त्याने मागितलं. मात्र ५ किलोवॅटच्या आतल्या लो व्होल्टेज जोडण्या त्यातून वगळल्या, म्हणजे गावातली बहुतेक घरं बाहेर राहिली. खांबांवरच्या लाइनलाही सूट मिळाली. अट अशी की तिची संरक्षक साधनं रोहित्राच्या न्यूट्रलशी पक्की जोडलेली हवीत. २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, तरी लाइनची ही सूट कायम राहिली.

म्हणजे डीपीपासून घरापर्यंतची सगळी भिस्त त्या न्यूट्रलच्या खड्ड्यांवर. नियम लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून नियम ६१ मध्येच त्यांनी लिहून ठेवलं की पुरवठादाराने अर्थिंगचा रोध दोन वर्षांतून एकदा तरी मोजावा, तोही कोरड्या ऋतूतल्या कोरड्या दिवशी, आणि त्याची नोंद ठेवावी. पावसाळ्यात मोजलं तर ओली जमीन चांगलाच आकडा देणार. खरी परीक्षा उन्हाळ्यातली. मला या सगळ्या इतिहासातलं हे वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं. त्या नोंदीतला आकडा दर उन्हाळ्यात ग्रामसभेत वाचून दाखवला पाहिजे, आणि तो वाढलेला दिसला तर गावाने खड्डा नव्याने भरून मागितला पाहिजे.