कूबर पीडी
दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील ओपलच्या खाणींचे गाव. ते अ‍ॅडलेडच्या उत्तरेस स्टुअर्ट महामार्गावर सुमारे ८५० किमी. अंतरावर आहे. लोकसंख्या १,४३७ (२०२१). वर्षाचा पाऊस जेमतेम १४० मिमी.; उन्हाळ्यात पारा ४५° से.च्या वर जातो. पाणी खोल कूपनलिकेचे व खारे असल्याने ते गोडे करून घ्यावे लागते. दुरून नजरेत भरतात ते खाणींच्या उभ्या विवरांतून (शाफ्ट) उपसलेल्या फिक्या मातीचे ढिगारे. गाव बरेचसे जमिनीखाली आहे.

१ फेब्रुवारी १९१५ रोजी येथे ओपल सापडला. सोन्याच्या शोधात निघालेल्या टोळीत विली हचिसन हा चौदा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर होता. सोने कुणालाच मिळाले नाही. ओपल मात्र या पोराच्या हाती लागला. १९२० मध्ये वस्तीला सध्याचे नाव मिळाले. ते आदिवासींच्या ‘कूपा पिटी’ या शब्दांवरून आले असून त्यांचा अर्थ साधारण ‘गोऱ्याचे बीळ’ असा लावतात. नाव ठेवणाऱ्याने नेमके पाहिले होते म्हणायचे. १९४६ मध्ये टॉटी ब्रायंट या आदिवासी स्त्रीला एट माइल या खाणक्षेत्रात मोठा साठा सापडला आणि ओसरलेली वर्दळ परतली. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीक, सर्ब, क्रोएशियन, इटालियन अशी युरोपातली माणसे आली.

जमिनीखालच्या घराला येथे ‘डगआउट’ म्हणतात. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी ही रीत रुजवली असे मानतात. दार टेकडीच्या कुशीत. आत बारमाही २३–२५° से.च्या आसपास, म्हणजे कूलर नको की शेगडी नको. भिंतींवर खोदयंत्राच्या दात्यांचे गोल वळ तसेच ठेवलेले असतात. भुकटी झडू नये म्हणून त्यांवर पारदर्शक लेप देतात. हवेसाठी छतातून वर नळी काढलेली असते. फळी हवी असेल तर भिंतीतच कोनाडा कोरायचा. खोली वाढवताना ओपल लागला आणि खोदाईचा खर्च भरून निघाला, अशा कहाण्या गावात बऱ्याच आहेत. सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चही असेच खडकात कोरलेले आहे.

पूर्वी खाणीतली माती हातरहाटाने वर काढत. आता ट्रकवरचा ‘ब्लोअर’ मोठ्या नळीने ती ओढून घेतो. टाकलेल्या ढिगाऱ्यांतून राहिलेले तुकडे वेचण्याला ‘नूडलिंग’ म्हणतात. जुने शाफ्ट बहुधा बुजवत नाहीत. म्हणून खाणपट्ट्यात पळू नका, मागे पावले टाकू नका, असे फलक लावलेले दिसतात. फोटो काढताना नेमके हेच घडते.

आपल्याकडे शुक्रासाठी ओपल बोटात घालतात. ‘ओपल’ या नावाचे मूळ संस्कृत ‘उपल’ (दगड) असावे, असे बरेच अभ्यासक मानतात.

गावातल्या गोल्फच्या मैदानावर गवत नाही. ड्राइव्ह-इन चित्रपटगृहाच्या पडद्यावर, स्फोटके आत आणू नयेत, अशी सूचना दाखवण्याची प्रथा होती. सुरुंग लावणे हा रोजचा धंदा असलेल्या प्रेक्षकांना ती करावीच लागे.