बोटीवर डाख नको

बोटी शाकारून वर घेतल्या की बंदरावर वायरिंगची कामं निघतात, आणि जुना वायरमन ठरलेला सल्ला देतो: थिंबल दाबून बसवणं म्हणजे वेळ मारून नेणं, जोड पक्का हवा तर डाखच द्या. तांडेलांनाही ते पटतं. हे मत अगदीच निराधार नाही. डाखाने बारीक तारांमधल्या फटी भरतात, हवा शिरत नाही, आणि जोड ओढून पाहिला तर सुटत नाही. उलट दाबलेलं थिंबल महिन्या-दोन महिन्यांत हातात आलेलं अनेकांनी पाहिलं आहे.

पण डाखाचा जोड सहसा डाखावर तुटतच नाही. तो तुटतो बोटभर पुढे, इन्सुलेशनच्या आत. वितळलेलं कथील केशाकर्षणाने तारांमधून वर चढतं, आणि जिथवर चढतं तिथवर लवचीक वायरची ताठ कांडी होते. बोटीवर डिझेल इंजिन तासन्‌तास थरथरत असतं. वायर हलते तेव्हा सगळा वाक कांडी संपते त्या एका रेषेवर येतो, आणि तिथल्या तारा एकेक करून तुटत जातात. बाहेरून सगळं ठीकठाक. बिल्ज पंप मधूनच बंद पडू लागला की तांडेल पंप बदलतो, आणि नवा पंपही तसाच वागतो. घराच्या भिंतीतली वायर जागची हलत नाही, म्हणून तिथला अनुभव इथे चालत नाही.

अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचं ई-११ हे मानक याच मुद्द्यावर स्पष्ट आहे: जोड धरून ठेवण्याची जबाबदारी एकट्या डाखावर टाकू नये. बॅटरीच्या लगला तेवढी सूट आहे, तीही डाखाची लांबी तारेच्या व्यासाच्या किमान दीडपट असेल तर. ही सूटही मी घेणार नाही. कथील-शिशाचा नेहमीचा डाख १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतो. स्टार्टरच्या केबलमधून शेकडो अँपिअर जात असताना बॅटरीचा नट जरा ढिला असला, तर तेवढी उष्णता तिथे सहज तयार होते.

क्रिंपिंग, म्हणजे थिंबल दाबून बसवणं, हा अलीकडचा आळस आहे, हा समजही चुकीचा. अमेरिकेत १९४१ साली निघालेली एएमपी, म्हणजे एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स, ही कंपनी दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी आणि जहाजांसाठी बिनडाखाची टर्मिनल्सच बनवत होती. नीट दाबलेला जोड करवतीने आडवा कापून पॉलिश पेपरवर घासून पाहा. गोल तारा दाबाने षट्कोनी होऊन एकमेकींना भिडलेल्या दिसतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या. हवेला जागाच उरत नाही.

मग हातात येणारं थिंबल? ते पक्कडीने चेपलेलं असतं. पक्कड नळी चपटी करते, तारा बाजूला सरकतात, आतली पोकळी तशीच राहते. रॅचेटचा क्रिंपर दाब पुरा झाल्याशिवाय उघडतच नाही, त्यामुळे दमलेल्या हाताची कसर जोडात उतरत नाही. मात्र माप जुळायला हवं: लाल थिंबल दीड चौरस मिलिमीटरपर्यंत, निळं अडीचपर्यंत, पिवळं चार ते सहा. उघड्या लगची डाय वेगळी, प्लॅस्टिकच्या थिंबलची वेगळी. ई-११ मानकात ओढून पाहण्याची कसोटीही आहे. साधारण दोन चौरस मिलिमीटरच्या वायरवरच्या जोडाने सुमारे साडेतेरा किलोचा ओढा एक मिनिट सोसला पाहिजे. पक्कडवाल्यांनी एकदा वजन टांगून पाहावंच.

खाऱ्या हवेची भीती मात्र रास्त आहे. तिला उत्तर कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. तापवल्यावर टोकाशी गोंदाचा थेंब बाहेर आला की पाण्याची वाट बंद. काही जण मध्यममार्ग म्हणून आधी क्रिंप करतात आणि वरून डाख देतात. क्रिंप चांगला असेल तर कथिलाला भरायला फट नाही, आणि तारांमध्ये चढायला ते मोकळंच. म्हणजे फायदा काहीच नाही, वर कांडी तेवढी तयार.

फिशफाइंडरच्या आतल्या सर्किट बोर्डावर अर्थात डाखच हवा. व्हीएचएफच्या एरियलच्या प्लगमधली मधली पिनही बहुधा डाखानेच जोडावी लागते. तिथे केबल प्लगच्या अलीकडे क्लिपने घट्ट बांधावी, म्हणजे ती हलली तरी वाक पिनेपर्यंत पोहोचत नाही.